दीड वीत जास्तीची गादी

न्हाव्याच्या दुकानाला खेटून एक दुकान आहे. त्यातून बारा महिने कापूस उडतो आणि शेजारच्या गिऱ्हाइकांच्या साबण लावलेल्या गालांवर जाऊन बसतो. न्हावी रोज ओरडतो, "अरे, माझी गिऱ्हाइकं तरणीताठी येतात नि म्हातारी होऊन बाहेर पडतात!" आतून उत्तर येतं, "होऊ देत. म्हातारपणी मऊ गादी लागतेच."

हे उत्तर देणारा तो गादीवाला. त्याच्या भुवयांत कापूस, कानाच्या पाळीवर कापूस, मोठ्यानं हसला की मिशीतून काहीतरी पांढरं उडणार. नाव त्याला होतं, पण ते वापरात नव्हतं. गल्ली त्याला गादीवाला म्हणे, बायको अहो म्हणे आणि थोरली बहीण अरे म्हणे. तेवढ्यात त्याचं भागत होतं.

इकडचं तिकडचं बोलायला लागला तर तो कुणाला ऐकायचा नाही. पण कामाचं काही विचारलं की तोंडाला कुलूप. त्याच्या वडिलांनी धंदा शिकवताना सांगून ठेवलं होतं, "हे बघ, आपण माणसांच्या झोपायच्या खोलीत शिरतो. डॉक्टरही शिरतो, पण त्याला बोलावतात तेव्हा घरातले खोली आवरून ठेवतात. आपल्याला ती आहे तशी दिसते. तेव्हा लांबी विचारायची, रुंदी विचारायची, कापूस मऊ भरू की घट्ट ते विचारायचं. चौथा प्रश्न नाही."

त्यानं तो चौथा प्रश्न उभ्या जन्मात कुणाला विचारला नव्हता. पलीकडच्या रस्त्यावरच्या एका जोडप्यानं मोठी गादी उसवून दोन लहान करून घेतल्या, तेव्हा नाही विचारला. वर्षभरानं तीच दोघं त्या दोन लहान गाद्या घेऊन आली, "यांची परत एक होईल का हो?" तेव्हाही त्यानं फक्त लांबी-रुंदी विचारली. घरी येऊन मात्र त्या दिवशी उगाचच बायकोला म्हणाला, "आज काहीतरी गोड कर." बायकोनं कारण विचारलं तर म्हणे, "कापूस चांगला निघाला."

फोमच्या गाद्या आल्या तसा धंदा निम्म्यावर आला. मुली लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या. दुकानामागच्या खोल्यांत आता तो, त्याची बायको आणि ताई. ताई म्हणजे ती थोरली बहीण. नवरा गेल्यावर चार दिवस म्हणून आली आणि राहिली. तिचा हात शिवणात बसलेला, म्हणून गाद्यांच्या खोळी ती शिवायला लागली. भाऊ कापूस भरणार, ती खोळ शिवणार, मग दोघं समोरासमोर बसून दाभणानं टाके घालणार. दाभण या बाजूनं आत गेलं की त्या बाजूनं दुसऱ्यानं ओढायचं. असं काम करताना भांडता येत नाही, त्यामुळे बहीण-भावाचं उत्तम जमे.

अडचण स्वयंपाकघरात होती. ताई आणि गादीवाल्याची बायको यांचं भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. दोघी एकमेकींना इतक्या सांभाळून घेत की तिसऱ्या माणसाला घरात श्वास घ्यायची चोरी.

"वन्सं, तुम्ही आधी घ्या चहा."

"नको गं, तू सकाळपासून उभी आहेस. तू घे."

"असं कसं? तुम्ही मोठ्या."

तोवर चहा गार. मग तो पुन्हा गरम कुणी करायचा यावरून आणखी एक फेरी. गादीवाला मधल्या मधे कप उचलून पिऊन टाकी आणि दोघींची बोलणी खाई.

ताईला हे कळत नव्हतं असं नाही. दुकानाच्या बरोबर वर एक खोली होती. तिला रस्त्याकडे मोठी खिडकी, कोपऱ्यात छोटा ओटा, वर जायला बाहेरून जिना. तिथे एक चष्मेवाला राहायचा. तो आता मुलीकडे जाणार होता आणि खोली विकणार होता. ताईनं नवऱ्यामागे उरलेलं आणि सुईच्या टोकानं जमवलेलं सगळं एकत्र केलं, तर खोलीला थोडंसंच कमी पडत होतं. ते थोडंसं तिनं भावाकडे मागितलं असतं तर त्यानं बायकोच्या बांगड्या विकूनही दिलं असतं, म्हणूनच तिनं मागितलं नाही. चष्मेवाल्याला म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत थांबा."

"थांबतो की," तो म्हणाला. "पण त्यापुढे नाही हं, ताई. तो रंगवाला मागे लागलाय. त्याला डबे ठेवायला जागा हवीय."

एवढ्या चांगल्या खिडकीआड रंगाचे डबे राहणार, हे ताईच्या जिवाला लागलं.

त्याच सुमारास कंपनीचं प्रकरण उभं राहिलं. रस्त्याच्या टोकाला जी काचेची इमारत आहे ती कंपनी. ती काय बनवते हे गल्लीत कुणालाच धड सांगता येत नसे. कॉम्प्युटरचं काहीतरी, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पण पेपरात यायला लागलं की म्हणे कुणी एक परदेशी कंपनी हिला विकत घेणार. एक दिवस घेणार, दुसऱ्या दिवशी घेणार नाही, तिसऱ्या दिवशी 'बोलणी चालू असल्याचं समजतं'. आणि त्यासरशी शेअरचा भाव वर-खाली, वर-खाली.

न्हाव्याच्या दुकानात तर दुसरा विषयच नव्हता. तिथे बँकेतून निवृत्त झालेला एक कॅशियर दिवसभर बसायचा. त्याला सगळे बातमी म्हणत. डोक्यावर केस जेमतेम मूठभर, पण येणार रोज, आणि न्हाव्याचा पेपर न्हाव्याच्या आधी वाचणार. शेअर म्हणजे काय नि परदेशी लोक घेणार म्हणून ते आताच का घ्यायचे, हे त्यानं गादीवाल्याला समजावून सांगितलं.

"समज, तुझ्या दुकानावर एका श्रीमंत माणसाचा डोळा आहे. तो तुला चालू भावापेक्षा जास्त देईल की नाही?"

"देईल."

"मग तो यायच्या आधी तुझ्या दुकानाचा एक कोपरा मी स्वस्तात घेऊन ठेवला तर?"

"माझ्या दुकानाचा कोपरा तू कशाला घेतोस?"

"अरे, समज म्हटलं!"

"समजायलाही नको. तिथे माझा कापूस असतो."

बातमीनं कपाळावर हात मारला. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक हसलं आणि न्हाव्यानं "हलू नका, कान जाईल" म्हणून त्याला दाबून धरलं.

आणि अशात एके सकाळी गादीवाल्याचा फोन वाजला. कंपनीच्या गेस्ट हाउसवर देखरेख करणाऱ्या मावशी बोलत होत्या. सगळ्या खोल्यांतल्या गाद्या बदलायच्या आहेत, फोमवर साहेबांच्या पाहुण्यांच्या पाठी धरतात, कापसाच्याच हव्यात. गादीवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. एवढं मोठं काम कित्येक दिवसांत आलं नव्हतं.

एरवी तो माप घ्यायला स्वतः जायचा. पलंगाला हात लावल्याशिवाय कापड फाडायचं नाही, ही त्याची रीत. पण कंपनीच्या फाटकावर रखवालदार तासन्‌तास उभं करतात, पिशवी उलटीपालटी करतात, दाभण बघून तर त्यांची पाचावर धारण बसते. त्यात त्याचा गुडघा दुखत होता. म्हणाला, "मावशी, पलंगाची लांबी-रुंदी तुम्हीच सांगा ना फोनवर."

मावशींनी सांगितलं. त्यानं ऐकलं, थबकला. सगळ्या गाद्या नेहमीपेक्षा चांगल्या दीड वीत लांब. 'एवढ्या लांब कशाला?' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तो झाला असता चौथा प्रश्न. त्यानं विचारलं, "मऊ भरू की घट्ट?"

माप ताईला सांगणं भाग होतं, खोळी तिला शिवायच्या होत्या. तिनं टेप उलगडला, पुन्हा पाहिलं.

"अरे, यावर झोपणार कोण? उंट?"

"आपल्याला काय करायचंय?"

"नाही, पण आपल्याकडे एवढी उंच माणसं असतात कुठे?"

"ताई, कापड फाड."

ताईनं कापड फाडलं. पण त्या दिवशी तिची सुई मधेच हवेत थांबून राहायला लागली.

खोळीचं कापड आधी भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर पुढे आटतं. गादीवाल्याच्या बायकोनं ते धुऊन गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरीवर टाकलं. नेहमीची दोरी पुरेना, न्हाव्याकडून मागून आणली. न्हाव्यानं विचारलं, "वहिनी, एवढं लांब कुणाचं?" ती सरळ मनाची बाई, म्हणाली, "कंपनीच्या पाहुण्यांचं."

बस. बातमी दुकानातून पेपर टाकून बाहेर आला. वाळत घातलेल्या कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठीमागे हात बांधून चालत गेला, परत आला, आणि गल्लीच्या मधोमध उभा राहून हळूच म्हणाला, "आले."

"कोण आले?"

"परदेशी. आपल्यातला कुठला माणूस एवढ्या गादीला पुरेल? उंचच्या उंच लोक येतायत. आणि नुसते बोलणी करायला येत नाहीत. बोलणी करणारा हॉटेलात उतरतो. नव्या गाद्या करून घेतो तो राहायला येणारा असतो!"

पेपरातल्या 'समजतं'पेक्षा हे किती पक्कं होतं! डोळ्यांना दिसत होतं, हाताला लागत होतं. न्हाव्यानं शेअर घेतले. समोरच्या पाववाल्यानं घेतले. दोरी दिली म्हणून न्हाव्याचा तोरा तर काही विचारू नका, जणू परदेशी कंपनी त्यानंच दोरी लावून ओढून आणली.

गादीवाला हे सगळं ऐकत होता आणि कापूस भरत होता. त्याला मजाच वाटत होती. लोकांना काय, उद्योग नाहीत. अशात एका दुपारी टाके घालताना त्यानं या बाजूनं दाभण घातलं आणि त्या बाजूनं कुणी ओढेना.

"ताई, ओढ."

ताई फोनकडे बघत होती.

"ताई!"

"ओढते रे. भाव बघत होते."

"कशाचा भाव?"

तिनं दाभण ओढलं. दोरा ताणला, गाठ मारली, दातानं तोडला आणि मग खाली बघत म्हणाली, "मी पण घेतलेत."

गादीवाल्यानं हातातला कापूस खाली ठेवला. "किती?"

"सगळ्याचे."

"सगळ्याचे म्हणजे? खोलीचे?"

"खोलीचेच. दुसरे आहेत कुठे माझ्याकडे?"

"अगं, पण कुणी सांगितलं तुला? त्या बातमीनं?"

"बातमीच्या सांगण्यावरून मी भाजी तरी घेईन का? फोनवर कसं घ्यायचं ते तेवढं त्यानं दाखवलं. पण मी घेतले ते तुझ्यावर विसंबून. तू दिलंस ना माप? तुझं माप आजवर कधी चुकलंय?"

माप आपण घेतलेलंच नाही, फोनवर ऐकलंय, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. आणि माप मावशींनी दिलं काय नि त्यानं घेतलं काय, पलंग तो पलंगच, अशी त्यानं स्वतःची समजूत काढली. पण त्या रात्री जेवणात त्याचं लक्ष लागलं नाही. त्याची बायको म्हणाली, "अहो, बटाटे सालासकट खाताय." तर म्हणे, "चांगले लागतायत."

पुढचे काही दिवस भाव वर जात राहिला. सगळी गल्ली खुशीत. न्हावी गादीवाल्याची दाढी फुकट करायला लागला आणि करता करता कानाशी पुटपुटायचा, "उशा पण लांब सांगितल्यात का रे?" पाववाला पावाबरोबर केकचा तुकडा पाठवायचा आणि मागून विचारायचा, "कधी येतायत मंडळी?" गादीवाला म्हणायचा, "मला काय माहीत?" आणि हा काही बोलत नाही म्हणजे नक्कीच मोठं काहीतरी आहे, असं म्हणून लोक आणखी घ्यायचे.

ताई मात्र संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून वरच्या खिडकीकडे बघायची. भावानं दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा काम नसताना आत जाऊन कापूस उपसत बसला.

गाद्या तयार झाल्या. टेंपोत घालून तो कंपनीत घेऊन गेला. मनाशी त्यानं ठरवलंच होतं की आज विचारायचं. वडिलांना काय वाटायचं ते वाटो. बहिणीची खोली टांगणीला लागली असताना कसला चौथा नि कसला पाचवा प्रश्न!

पण प्रश्नाची पाळी यायच्या आधीच घोटाळा झाला. पहिल्या खोलीत त्यानं नि टेंपोवाल्यानं गादी पलंगावर टाकली, तर ती बसेना. डोक्याकडे नीट बसवली की पायाकडून उठून उभी राही, पायाकडून दाबली की मधे कुबड येई. टेंपोवाला वर चढून बसला. तो उतरला तशी गादीही त्याच्याबरोबर उठली.

मावशी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत आल्या. "हे काय हो? पलंगावर गादी आणलीत की घसरगुंडी?"

"मावशी, माप तुम्हीच दिलंत."

"दिलं ना! चांगला सुताराचा टेप मागून आणून घेतलं. इथपासून," त्यांनी पलंगाच्या डोक्याकडच्या जाडजूड पाठीच्या मागे, भिंतीच्या फटीत हात घातला, "ते इथपर्यंत!" आणि पायाकडच्या फळीच्या बाहेरच्या कडेला थाप मारली.

गादीवाला बघतच राहिला. डोक्याकडची पाठ कुशन भरून फुगवलेली, चांगली वीतभर जाड. पायाकडची फळीही दणकट, अर्धी वीत तरी. मावशींनी पलंग आख्खा मोजला होता, जणू खोलीच्या दारातून आत जाईल का ते बघायचं होतं. आणि गादी तर आतल्या आत बसायची असते.

"अहो, झोपायची जागा मोजायची ना!"

"मग तसं सांगायचं होतं! तुम्ही म्हणालात पलंगाची लांबी सांगा. मी पलंगाची लांबी सांगितली. एवढी लांब का म्हणून तुम्हीही विचारलं नाहीत. मला वाटलं, जास्तीची आत दुमडत असतील."

गादीवाला पलंगाच्या कडेला टेकला आणि त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यामुळे त्याला ते धड जमलंही नाही.

"मावशी, इथे... म्हणजे मला तसं काही करायचं नाही, पण... इथे झोपायला कोण येणार आहे?"

"दरवर्षी येतात ते. दुसऱ्या शाखांतली नवी पोरं-पोरी, काम शिकायला. का हो?"

"उंच आहेत?"

"उंच? गेल्या वर्षी एक होता, माझ्या खांद्याला लागायचा. तोच सगळ्यांत उंच." मावशी हसल्या. मग त्यांना काहीतरी सुचलं. "तुम्हालाही ते परदेशी लोकांचं भूत लागलं की काय? आमचा रखवालदारसुद्धा वेडा झालाय. अहो, परदेशी साहेब आले तर या गेस्ट हाउसमधे उतरतील का? इथे नळाला पाणी यायचं तर आधी पाइपावर बुक्की मारावी लागते."

गाद्या परत टेंपोत चढल्या. दीड वीत कमी करायची म्हणजे एका बाजूचे टाके उसवायचे, कापूस काढायचा, खोळ कापायची, पुन्हा शिवायची. कष्ट गेले ते गेले. पण गादीवाल्याला कष्टांचं काही वाटत नव्हतं. त्याला ताईचा चेहरा दिसत होता.

टेंपो गल्लीत शिरला तशी न्हाव्याच्या दुकानातली सगळी मंडळी दारात आली. गाद्या गेल्या तशा परत आल्या, हे काय? गादीवाल्यानं टेंपोतून उतरताच, पुढे धीर सुटू नये म्हणून, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "ऐका. कुणीही उंच येत नाहीये. माप चुकलं. मावशींनी पलंग बाहेरून मोजला, मी बघायला गेलो नाही, चूक माझी. तिथे शिकाऊ पोरं झोपणार आहेत. शेअर घेतले असतील त्यांनी आपलं आपण बघा."

न्हाव्याच्या हातातला वस्तरा तसाच वर.

मग बातमी हळूहळू हसायला लागला. "वा," तो म्हणाला. "वा, वा. किती दिले?"

"कुणी?"

"कंपनीनं. तोंड बंद ठेवायचे."

"अरे, मी तोंड उघडून सांगतोय ना!"

"तेच तर! एरवी तू कामाचं एक अक्षर बोलतोस का? बायकोला नाही सांगत. आणि आज गल्लीच्या मधोमध उभा राहून भाषण! कुणीतरी पढवून पाठवल्याशिवाय?" त्यानं सगळ्यांकडे बघितलं. "बातमी फुटली हे त्यांना कळलं. म्हणून गाद्या परत, म्हणून हे सगळं. गुपचूप सौदा व्हायच्या आधी असंच करतात."

"आणि पलंग बाहेरून मोजला?" पाववाला म्हणाला. "थाप मारायची तर जरा बरी मारायची रे."

"पलंग कुणी बाहेरून मोजतं का?" न्हावी म्हणाला, आणि अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकानं मान हलवली की नाही, कुणी मोजत नाही.

गादीवाल्यानं शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितका त्यांचा संशय वाढला. शेवटी तो चिडून दुकानात शिरला. पाठीमागे पाववाला न्हाव्याला विचारत होता, "अजून थोडे घ्यावेत का रे?"

आत ताई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. गाद्या आत येईपर्यंत ती थांबली. मग खाली बसली, एका गादीच्या टोकाचे टाके उसवले आणि आत हात घालून मूठभर कापूस बाहेर काढला.

"किती कमी करायचंय?"

"दीड वीत. वीतभर पाठ, बाकीची फळी."

"म्हणजे पाठ वीतभर नि फळी अर्धी वीत."

"हो."

ताईनं हातातला कापूस बाजूला ठेवला. "म्हणजे मी माझी खोली एका पलंगाच्या पाठीवर लावली."

"ताई, मी बघायला जायला हवं होतं. गुडघा—"

"गप्प बस. गुडघ्याचं काय घेऊन बसलास? मलाही टेप होता, अक्कलही होती." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "मी उंट म्हणाले होते रे. उंट म्हणाले आणि जाऊन पैसे लावले."

गादीवाल्याच्या बायकोनं दारातून सगळं पाहिलं होतं. ती आली आणि 'वन्सं, तुम्ही आधी' वगैरे काही न म्हणता ताईच्या हातात चहाचा कप कोंबला. "आधी प्या. मग फोन काढा. आज भाव किती आहे?"

ताईनं चहा प्यायला. फोन काढला. भाव घेतला त्यापेक्षा वर होता. उगाच नव्हता, अख्ख्या देशातले असे कितीतरी बातमी कुठल्या कुठल्या दोऱ्यांवर काय काय वाळत घातलेलं बघून शेअर घेत असणार. तिनं बोटांवर काहीतरी जुळवलं. खोलीपुरतं झालं होतं. वर चहाचं सामान येईल एवढं उरत होतं.

"पेपरात आलंय, पुढच्या आठवड्यात आणखी चढेल," ती हळूच म्हणाली. "थांबले तर खोलीला रंगही निघेल."

गादीवाला उसवलेला कापूस गोळा करत राहिला. बोलायचं तर खूप होतं. पण आजवर त्याच्या मापावर ती विसंबली होती, आता आणखी एक माप देण्याचा त्याला धीर नव्हता. तिचे पैसे, तिची खोली.

ताईनं फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला. "पेपरवाल्यानं तरी पलंग कुठून मोजलाय कुणाला ठाऊक," ती म्हणाली आणि सगळे विकून टाकले.

विकल्यावर तिला गप्प बसवेना. ती न्हाव्याच्या दुकानात गेली, जिथे बायका सहसा जात नाहीत, आणि बातमीसमोर उभी राहिली. "मी विकले. माझा भाऊ खरं बोलतोय. तुम्हीही विका."

बातमी खुर्चीतून अर्धवट उठला. "ताई, बसा. तुम्ही घाबरलात. बायकांचं असंच होतं. तुमचे मीच घेतले असतील बहुतेक." आणि मोठ्या प्रेमानं म्हणाला, "काळजी करू नका, सौदा झाला की पेढे देईन."

ताई घरी आली. "सांगायचं ते सांगितलं," म्हणाली. पण बराच वेळ तिला चैन पडलं नाही.

महिना संपायच्या आत चष्मेवाल्याला पैसे पोचले. रंगवाल्यानं डब्यांसाठी दुसरीकडे जागा बघितली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पेपरात छोट्या अक्षरांत आलं की परदेशी कंपनीनं दुसरीच कुठलीतरी कंपनी घेतली. हिच्याशी बोलणी झाली होती की नव्हती, तेसुद्धा कुणाला कळलं नाही. भाव जिथून आला तिथे परत गेला, गादीसारखा दाबला की खाली.

गल्ली गादीवाल्यावर रागावली. न्हाव्यानं दाढीचे पैसे घ्यायला सुरुवात केली. केक बंद झाला.

"अरे, मी सांगितलं होतं ना!" गादीवाला कळवळून म्हणाला.

"सांगितलंस म्हणून तर आणखी घेतले!" पाववाला म्हणाला. "तू गप्प राहिला असतास तर मी तेवढ्यावरच थांबलो असतो."

बातमीनं मात्र अजून एकही विकलेला नाही. कुणी विचारलं की शांतपणे सांगतो, "आपली गुंतवणूक लांब मुदतीची आहे." आता त्याचं लक्ष रस्त्यापलीकडच्या औषधाच्या कारखान्यावर आहे. तिथे म्हणे कुणीतरी फाटक नवं बसवतंय.

ताई वर राहायला गेली त्या संध्याकाळी गादीवाला नि त्याची बायको चहाचं पातेलं नि कप घेऊन जिना चढले. दार लोटलेलं होतं. गादीवाल्यानं कोपरानं ढकललं आणि दोघं आत शिरले. खिडकी सताड उघडी, ताई खिडकीत बसलेली. तिनं वळून दोघांकडे पाहिलं.

"बाहेर जा," ती म्हणाली.

"काय?"

"बाहेर जा. दार लावून घ्या. आणि वाजवा."

"अगं, पातेलं गरम आहे!"

"तिच्याकडे दे. तू वाजव."

दोघं बाहेर गेले. जिन्यावर उभं राहून गादीवाल्यानं दार वाजवलं.

"कोण आहे?" ताईनं विचारलं.

"आम्ही आहोत, वन्सं," त्याची बायको म्हणाली. "चहा गार होतोय, आणि आज आधी मी घेणार आहे."

"या मग," ताई म्हणाली. "दार उघडंच आहे."